पिनहोलचा किस्सा

मार्च लागला की उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या छपाईच्या गल्ल्या निळ्या होतात. जयंतीच्या ऑर्डरी सुरू होतात. आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर झेंडे वाळत असतात, टी-शर्ट वाळत असतात, कपाळाला बांधायच्या पट्ट्या वाळत असतात. खालून वाकून जाताना एखादी ओली पट्टी केसांना लागून जाते आणि घरी आल्यावर आई म्हणते, "आलीस का निळी होऊन?" एरवी या गल्ल्यांना कुठल्याच रंगाचं वावडं नाही. साडीच्या दुकानांच्या पिशव्या, लोणच्याची लेबलं, एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या पक्षांचे झेंडे, सगळं एकाच टेबलावर छापतात इथं. पण मार्च आला की निळा. लहानपणी मला तर वाससुद्धा निळाच येतो असं वाटायचं.

आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, म्हणजे या गल्ल्यांपासून रिक्षाने दहा मिनिटं. मी बदलापूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. मार्चमध्ये माझ्या मुलांना परीक्षेची धडकी भरते, बाकीच्या मॅडमना पेपर तपासायची. मला लाज वाटायला लागते. खरंच सांगते. सर्दी कशी ठरावीक दिवसांत येते, तशी ही लाज झाडाला कैऱ्या धरल्या की येते. मी सुपरव्हिजनला वर्गात उभी असते, पंखा कटकट करत असतो, पोरं माना खाली घालून लिहीत असतात, आणि मला नऊ वर्षांपूर्वीचं माझंच एक वाक्य ऐकू येतं. मग मी उगाच एखाद्या पोरावर ओरडते, "पुढे बघ!" तो बिचारा पुढेच बघत असतो.

माझे पप्पा तेव्हा कॅम्पात एका सिंधी मालकाच्या युनिटमध्ये स्क्रीन बनवायचे. छपाईची स्क्रीन म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेलं जाळीचं कापड. त्यावर लेप द्यायचा, लेपावर चित्राची पारदर्शक फिल्म ठेवायची, उजेड मारायचा, पाण्याने धुवायचं. उजेड लागतो तिथला लेप घट्ट बसतो; फिल्मवर जिथं काळं, तिथला लेप धुऊन जातो आणि जाळी उघडी राहते. तिथून शाई उतरते. हे सगळं एका खोलीत, पिवळ्या बल्बच्या उजेडात. त्या उजेडात पप्पांचा पांढरा बनियनही पिवळा दिसायचा आणि ते घरी आल्यावर पुन्हा पांढरा व्हायचा, याचं मला लहानपणी फार नवल होतं.

एका रंगाला एक स्क्रीन. चित्रात तीन रंग असले तर तीन फिल्मा, तीन स्क्रीन. आणि गंमत म्हणजे फिल्मा तिन्ही काळ्या-पांढऱ्याच. कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं असतं, ही लाल, ही निळी, ही पिवळी. तिन्ही रंग एकावर एक नेमके बसले पाहिजेत. त्याला रजिस्टर मिळवणं म्हणतात. फिल्मच्या चारही कोपऱ्यांत अधिकाची खूण असते, ती खुणेवर खूण ठेवून मिळवायची. केसभर जरी सरकलं तरी देवीच्या ओठांचा लाल रंग गालावर येतो. असे सरकलेले शर्ट आमच्या घरात पोत्याने होते. आम्ही तेच घालून वाढलो.

आणि पिनहोल. फिल्मच्या काळ्या भागात धूळ बसते, ओरखडा पडतो आणि सुईच्या टोकाएवढं भोक राहतं. तेवढ्या जागी शाई उतरत नाही. भर निळ्या झेंड्यात पांढरा ठिपका. म्हणून छपाईआधी फिल्म काचेच्या टेबलावर ठेवायची, खालून ट्यूब लावायची, आणि चमकणारा एकेक ठिपका काळ्या रंगाने बुजवायचा. झिरो नंबरचा ब्रश, त्याचेही निम्मे केस पप्पा ब्लेडने उडवायचे. या कामात त्यांचा हात धरणारा कॅम्पात कुणी नव्हता. त्यांचा मालक, ज्याला सगळे सांई म्हणायचे, गिऱ्हाइकांना सांगायचा, "हमारे उस्ताद की आँख में लेन्स है." पप्पा घरी येऊन हे आम्हाला सांगायचे आणि वर म्हणायचे, "सांईला काय, बोलायला लागतंय." पण सांगायचे मात्र आवर्जून.

एम.एस्सी. झाले त्या वर्षी मला आकाशातल्या फोटोंचं वेड लागलं होतं. अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणींनी काढलेले मूळ फोटो कुणालाही फुकट मिळतात, हे कळल्यावर मी तर येडीच झाले. लोकांना वाटतं, दुर्बिणीतून ते गुलाबी-निळे ढग तसेच्या तसे दिसतात. कुठलं काय! त्या कॅमेऱ्याला रंग कळतच नाही. त्याच्यापुढे एकेक गाळणी धरतात. एक गाळणी फक्त लाल प्रकाश आत सोडणारी, एक फक्त निळा, एखादी तर डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगलांबीचा. दर गाळणीतून एक काळा-पांढरा फोटो. मग आपण घरी लॅपटॉपवर बसून एकाला लाल द्यायचा, एकाला हिरवा, एकाला निळा, आणि तिन्ही एकावर एक ठेवायचे. तेव्हा कुठे तो तेजोमेघ फुलतो.

मी पहिलं चित्र करत होते तेव्हा पप्पा चहा घेऊन मागे उभे होते. रविवारची सकाळ होती. बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणजे हे पण तीन स्क्रीनचंच काम."

"तसं नाही हो पप्पा. हे सायन्स आहे."

"बरं बरं. पण रजिस्टरच्या खुणा कुठायत? मिळवतेस कशावर?"

"तारेच खुणा. तिन्ही फोटोंत तारे त्याच जागी असतात ना. ताऱ्यावर तारा ठेवायचा."

पप्पांचा चेहरा असा उजळला! "वा! देवाने खुणा आधीच मारून ठेवल्यात की," असं म्हणाले. आमच्या घरात देवाचं नाव कुणी घेत नाही, हे लक्षात आल्यावर स्वतःच जीभ चावली आणि म्हणाले, "म्हणजे, निसर्गाने." आम्ही दोघंही हसलो. त्या सकाळचा विचार केला की वाटतं, इथंच थांबायला हवं होतं मी. त्यांनी माझं काम माझ्याआधी ओळखलं होतं. मी मात्र सायन्स, सायन्स करत बसले.

मार्चच्या शेवटी आमच्या आकाशनिरीक्षण गटाचं प्रदर्शन ठरलं, कुळगावात एका शाळेच्या हॉलमध्ये. मी ठरवलं, नुसतं रंगीत पोस्टर लावायचं नाही. आधी तिन्ही काळे-पांढरे फोटो फिल्मवर काढून काचेसमोर उभे करायचे, मागून दिवा, आणि शेवटी रंगीत पोस्टर. म्हणजे लोकांना कळेल, रंग कसा चढतो. फिल्मा काढून आणायचं काम अर्थात पप्पांकडे. युनिटमध्ये तेव्हा जयंतीचा सीझन ऐन भरात. जेवणाच्या सुट्टीतही टेबलं रिकामी नसायची. तरी पप्पा म्हणाले, "तुझ्या फिल्मांचं मी बघतो. एकदम क्लीन करून देतो."

क्लीन या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही.

तीन दिवसांनी फिल्मा आणायला मी युनिटमध्ये गेले. बाहेर नेहमीप्रमाणे निळे झेंडे, आत लेपाचा तो नाकात झोंबणारा वास. पप्पा काचेच्या टेबलावर वाकलेले, शेजारी डबा न उघडता ठेवलेला. फिल्मवर माझं आकाश. काळं आकाश, आणि खालच्या ट्यूबमुळे ते ठिपके असे चमकत होते की बघत राहावं. पप्पांनी ब्रश बुडवला आणि माझ्या डोळ्यांदेखत एक ठिपका बुजवला. मग दुसरा. त्यांच्या हाताखाली ठिपके पटापट विझत होते.

मी मुळातच तोंडाळ. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे आईचं माझ्याबद्दलचं कायमचं मत. मी किंचाळलेच. "पप्पा! अहो तारे आहेत ते! तारे पुसताय तुम्ही!"

सगळं युनिट थांबलं. छापणारे, घड्या घालणाऱ्या बायका, सांई, सगळे बघायला लागले. पप्पा गडबडून उठले. म्हणाले, "अगं, पिनहोल आहेत. हे बघ, तिन्ही फिल्मा मी एकावर..."

"पिनहोल कसले! आकाश आहे ते! तुमचा झेंडा नाही!"

"अगं, ऐक तर. एकीवर आहे, बाकी दोघींवर..."

"पप्पा, तुम्हाला नाही कळत यातलं."

तेच ते वाक्य. आवाजही आठवतो माझा, चढलेला आणि शिकलेला. कुणीतरी हसत म्हणालं, "उस्ताद ने तो आसमान साफ कर दिया!" आणि युनिट खो-खो हसलं. पप्पाही हसले. मग त्यांनी ब्रश पाण्यात खळबळला, फडक्याला पुसला, बाटलीचं झाकण लावलं. फिल्मांची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. डबा तसाच होता.

नव्याने फिल्मा काढायला वेळ नव्हता. मी त्याच लावल्या आणि प्रदर्शनात माझी वाचा अशी काही फुटली की विचारू नका. लोक विचारायचे, या फिल्मांवर तारे कमी आणि पोस्टरवर जास्त, असं कसं? मी सांगायचे, "त्याचं काय झालं, माझे वडील छपाईत आहेत. त्यांना वाटलं पिनहोल. त्यांनी बसून तारे बुजवले! रात्रंदिवस झटून विश्वाची साफसफाई केली!" आणि लोक हसायचे. हॉलभर हसायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पप्पा पोस्टरशेजारी उभे होते. "हेच ते!" म्हणून मी त्यांच्याकडे बोट दाखवायचे. ते हात जोडायचे. एकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी आई म्हणाली, "चार लोकांत बापाचं हसं करून काय मिळवलंस?" मी म्हटलं, "अगं, पप्पा स्वतः हसत होते." आई पोळ्या लाटत राहिली.

प्रदर्शनात एक म्हातारे गृहस्थ होते, आमच्या गटातले सगळ्यात जुने. ते पोस्टरला नाक लावून बराच वेळ उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "बाळ, हा हिरवा तारा कुठला गं?" पोस्टरवर बारीक लाल, हिरवे, निळे ठिपके खूप होते. मला ते फार आवडायचे, हळदी-कुंकवाला रांगोळी सांडल्यासारखे. मी ठोकून दिलं, "ऑक्सिजनमुळे." ते "अच्छा" म्हणाले आणि गेले. पण त्यांच्या त्या अच्छामध्ये काहीतरी होतं. मला दोन दिवस ते टोचत राहिलं. हिरवा तारा नसतोच. डोळ्याला हिरवा दिसेल असा एकही तारा आकाशात नाही. बारावीच्या पोरालाही हे सांगता येतं आणि मी एम.एस्सी. होऊन ऑक्सिजन सांगत होते!

आठवड्याभराने, दुपारची, घरात कुणी नसताना, मी तिन्ही मूळ फोटो उघडून बसले. एक हिरवा ठिपका घेतला. हिरव्या फोटोत होता. लालमध्ये नव्हता. निळ्यात नव्हता. दुसरा घेतला, तसाच. लाल ठिपका फक्त लालमध्ये. खरा तारा तिन्ही गाळण्यांतून थोडाबहुत दिसतोच. एकीत आहे आणि बाकी दोघींत नाही, याचा अर्थ तो तारा नव्हे. अवकाशात सतत बारीक कण भिरभिरत असतात, ते कॅमेऱ्यावर आदळले की असा ठिपका उमटतो. म्हणजे डाग. म्हणजे धूळच म्हणा. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, बरं का. परीक्षेत मार्कही मिळाले असतील. नुसतं समोर आल्यावर ओळखता आलं नाही.

मग मी ती फिल्मांची गुंडाळी काढली. तिन्ही फिल्मा खिडकीच्या काचेला चिकटवल्या आणि लॅपटॉप शेजारी घेऊन पप्पांनी बुजवलेला ठिपका न् ठिपका तपासत गेले. उन्हात त्यांच्या ब्रशचा एकेक ठिपका दिसत होता, जरा चमकणारा, ताऱ्याहूनही लहान. एकही रेघ बाहेर गेलेली नव्हती. त्यांनी तिन्ही फिल्मा एकावर एक ठेवल्या होत्या. तिन्हींतून उजेड आरपार आला तर चित्र, नाही आला तर डाग. पंचवीस वर्षं ते हेच करत होते. युनिटमध्ये ते मला हेच सांगायला बघत होते आणि मी त्यांना पुरं वाक्य बोलू दिलं नव्हतं.

आता खरी लाजेची गोष्ट. तपासता तपासता मला एक ठिपका सापडला, जो खरंच तारा होता. एकच. इतका लालबुंद तारा की बाकी दोन फोटोंत तो जवळजवळ उमटलाच नव्हता. पप्पांनी तो बुजवला होता. आणि तो सापडल्यावर मला काय वाटावं? हायसं वाटलं! म्हटलं, चला, म्हणजे किस्सा अगदीच खोटा नाही.

बापाची एक चूक सापडली म्हणून जीव भांड्यात पडणारी मुलगी म्हणजे मी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे मी पोस्टर सुधारलं. पप्पांच्या फिल्मा बघून बघून लॅपटॉपवरचे सगळे रंगीत ठिपके काढून टाकले. चित्र असं स्वच्छ झालं की नोकरी लागल्यावर कॉलेजने ते फ्रेम करून जिन्यात लावलं. खाली माझं नाव. आणि किस्सा? किस्सा मी सांगतच राहिले. विज्ञान दिनाला सांगितला, स्नेहसंमेलनात सांगितला, शाळाशाळांतून भाषणं द्यायला लागले तिथं सांगितला. हशा हमखास. एकदा हशा मिळाला की माणसाला खरं बोलवत नाही. पोरं पेंगायला लागली की मी म्हणायचे, "तुम्हाला माहितीय, माझ्या वडिलांनी एकदा तारे पुसले होते!" की पोरं टक्क जागी.

पप्पांनी त्याच वर्षी जयंतीचा सीझन आटोपल्यावर काम सोडलं. केमिकलचा वास आता सोसवत नाही म्हणाले. आम्हाला पटलं. तसंही छपाईत आता सगळं कॉम्प्युटरवर होत चाललंय, असं मी आईला समजावलं. थोडे दिवस घरी बसले, मग बदलापूरच्या एका सोसायटीत गेटवर दिवसपाळीला लागले. अजून तिथेच आहेत. गाड्यांचे नंबर वहीत लिहितात. अक्षर अजूनही छापल्यासारखं. कॉलेजात कुणी विचारलं तर मी सांगते, "पप्पा रिटायर झाले." पोस्टर सगळ्यांना दाखवते आणि गेट कुणाला दाखवत नाही. लाजेचं एक बरं असतं, एकदा घरात शिरली की तिला कोपरे सापडत जातात.

आजही मला फोटो रंगवत बसायला आवडतं. दुपारच्या वेळी, पडदा ओढून. तीन काळे-पांढरे फोटो, एकालाही पुरतं काही माहीत नसतं. एकाला नुसता तापलेला वायू दिसतो, एकाला नुसती धूळ. स्वतःपुरता प्रत्येक जण खरा, आणि तरी प्रत्येकात असं काहीतरी असतं जे बाकीच्यांत नाही. माझ्या आठवणीत पप्पा त्या दिवशी युनिटमध्ये हसले होते. आईला विचारलं तर ती सांगते, त्या दिवशी ते जेवले नव्हते. पप्पांना मी कधी विचारलंच नाही.

या मार्चला चामटोलीच्या शाळेतून बोलावणं आलं. पप्पांच्या सुट्टीचा वार होता. "चल, मी येतो पोस्टरं धरायला," म्हणाले. त्यांना आवडतं माझ्याबरोबर यायला. रस्त्याला पळस फुलला होता, डोंगराच्या अंगाला नुसती लाल ठिगळं. रिक्षात ते आपले गप्पा मारत होते, सोसायटीतल्या कुत्र्याच्या, पाण्याच्या टँकरच्या. शाळेत पोरांबरोबर मागे सतरंजीवर मांडी घालून बसले.

पोरं पेंगायला लागली. मी किस्सा काढला. तोंड आपोआप चालू लागतं हो, सवयीने. "...आणि त्यांनी तारे पुसले!" हशा. "आणि ते वडील आज इथंच बसलेत!" पोरं वळून वळून बघायला लागली. पप्पांनी हात जोडले, हसले, नेहमीसारखे.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. आठवीतली असेल, दोन घट्ट वेण्या. म्हणाली, "मॅडम, ते ठिपके तिन्ही फोटूंत व्हते का एकाच?"

नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मास्तरांनी नाही, प्राध्यापकांनी नाही. मागे पप्पा मान उंचावून माझ्याकडे बघत होते. उत्तर ऐकायला, अगदी विद्यार्थ्यासारखे. आणि मी काय केलं? "छान प्रश्न आहे हं! टाळ्या वाजवा तिच्यासाठी!" म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली. ती पोरगी टाळ्यांमध्ये खाली बसली. तिला कळलं, मॅडमनी टांग मारली. पोरांना कळतं.

परतताना आम्ही फाट्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उभे होतो. चार वाजले असतील, ऊन अजून चटके देत होतं. पप्पांच्या काखेत पोस्टरांची गुंडाळी. मला ती मुलगी डोळ्यांपुढून जाईना. मनात म्हटलं, आत्ता नाही बोलले तर मी मेले तरी बोलणार नाही.

"पप्पा, ते तारे नव्हते."

"कुठले?"

"तुम्ही बुजवलेले. पिनहोलच होते ते. आमच्यात नाव वेगळं आहे, पण कचराच. एका फोटोत होते, बाकी दोघांत नव्हते. एक सोडून सगळे. तुमचं बरोबर होतं पप्पा. माझं चुकलं."

पप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. "नक्की?"

"नक्की. एकेक तपासलाय मी."

"कधी?"

खोटं बोलता आलं असतं. काल म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं.

"तेव्हाच. प्रदर्शन झालं आणि पुढच्या आठवड्यात."

त्यांनी गुंडाळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी सांईला सांगितलं होतं, सांई, माझ्या नजरेचा आता भरवसा नाही. डाग कुठला नि चित्र कुठलं, मला कळेना झालंय. उद्या भर सीझनला झेंड्यावरचं चक्रच बुजवून ठेवीन. तो काय सोडायला तयार नव्हता. म्हणाला, उस्ताद, लडकी का मज़ाक दिल पे मत ले. मी म्हटलं, नाही सांई. माझी पोरगी शिकलेली आहे, ती बोलली म्हणजे असणार."

"पण तुम्ही तर केमिकलचा वास म्हणाला होतात."

"वासाचं काय गं. पंचवीस वर्षं घेतलाच होता की."

माझ्या हशाने त्यांचा डोळा गेला होता आणि मी नऊ वर्षं त्याच हशावर टाळ्या घेत होते. पप्पांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला, वर्षांचा असावा.

"बावन्नचा होतो मी तेव्हा," ते म्हणाले. रागाने नाही, वेळ सांगावी तसे.

रिक्षा आली. मागे दोघांपुरती जागा होती. पप्पांनी पोस्टरांची गुंडाळी माझ्या मांडीवर दिली आणि ते पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.